नमुन्याप्रमाणे

१

डाव्या हाताने लिहायची मला सवय नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

आमच्या कारखान्यात युद्ध जिंकायचं सामान बनतं असं मालक चारचौघांत सांगतो. बनते ती एक मूठ. जुन्या चिलखती गाडीच्या छतावर झाकण असतं, त्या झाकणाला आतल्या बाजूने लोखंडी मूठ असते. ती फिरवली की झाकण उघडतं आणि आतला माणूस बाहेर येतो. बस्स, एवढंच. गाडी माझ्या बापाच्या वयाची. ती बनवणारी कंपनी कधीच बुडाली, तिचे नकाशे कोणाकडे उरले नाहीत आणि नवी गाडी घ्यायची कोणाची ऐपत नाही. मग आमच्यासारखे पत्र्याच्या शेडमधले लोक त्या म्हातारीला दात बसवून देतात आणि ती अजून चावते म्हणून सगळे छाती फुगवतात.

काम सोपं आहे. मुठीच्या आकाराचा लाकडी फर्मा असतो. लोखंडी पेटीत काळी वाळू भरायची, तीत फर्मा दाबायचा, वाळू ठोकून घट्ट करायची आणि फर्मा अलगद उचलायचा. मागे पोकळी राहते. वर दुसरी पेटी झाकायची आणि भोकातून वितळलेला रस ओतायचा. निवला की साचा फोडायचा.

साचे भरायचं काम माझा दादा करायचा. पोकळी चांगली झाली, आता झाकायला हरकत नाही, याची त्याची एक खूण होती. तो पोकळीच्या तळाला उजवा अंगठा टेकवायचा. त्यामुळे मुठीवर अंगठ्याएवढा उंचवटा यायचा. तो नंतर घासून टाकत. एकदा घासायचं राहिलं आणि नेमकी तीच मूठ लष्कराच्या डेपोत पसंत होऊन कपाटात नमुना म्हणून जाऊन बसली. पुढे तिथला माल तपासणारा साहेब बदलला. नव्या साहेबाने नमुन्याची मापं घेतली, उंचवट्याचीही घेतली आणि उंचवटा नसलेला सगळा माल परत पाठवला. हा उंचवटा कशासाठी आहे असं कोणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याला ठाऊक नाही हे उघड झालं असतं. अशी ही शहाणी माणसं. त्या साहेबाला आम्ही मिलिमीटर म्हणतो.

दादा घरी येऊन हसून लोटपोट झाला होता. "तुझ्या वहिनीला सांग," मला म्हणाला, "यापुढे नवऱ्याला अंगठेबहाद्दर म्हणायचं नाही. माझ्या अंगठ्याचं माप सरकारदरबारी आहे."

मग तो गेला. शेडच्या छपराला भोक होतं. मालक रोज म्हणायचा, बघू. पाणी ठिबकून एक साचा आतून ओला राहिला. ओल्या वाळूत रस पडला की आत राहत नाही, साच्याजवळ जो असेल त्याच्या अंगावर उसळतो. दवाखान्यात त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत गुंडाळलेले होते. नर्स म्हणाली, हात लावायचा नाही, काचेतून बघा. काचेतून काय बघायचं? मी त्याचा हात धरायला गेलो होतो. तो तसाच गेला, कोणी हात न धरता.

२

मालक घरी आला तेव्हा वहिनीने त्याला खुर्ची दिली नाही. तो आपणच बसला.

"झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "पण त्याचीही थोडी घाई नडली."

"छपराचीही घाई होती का?" मी विचारलं.

"हा बघा, हा असा आहे," तो वहिनीला म्हणाला, जणू मी खोलीत नव्हतोच. "तोंडाने फटकळ. पण मी मनात ठेवत नाही. दादाच्या जागेवर याला घेतो म्हणून सांगायला आलोय."

मी सातवीत शाळा सोडलेली. नंतर सहा ठिकाणी नोकरी धरली आणि सहाही ठिकाणी कोणाची तरी कॉलर धरून सोडली. असल्या माणसाला घरी येऊन कोणी कामावर घेत नसतं. म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो माझ्या हाताकडे बघत होता.

"दाखव जरा," तो म्हणाला. माझा उजवा अंगठा त्याने बाजारात भेंडी पारखावी तसा दोन बोटांत धरून उलटासुलटा केला. "रक्ताचं नातं आहे. उन्नीस-बीस चालून जाईल. डेपोची मागणी उभी आहे आणि माझ्याकडे उंचवटा द्यायला माणूस नाही."

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात असं ऐकलं होतं. हा तर अंगठाही सोडायला तयार नव्हता.

मी हो म्हणालो. वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. पण माझ्या मनात वेगळंच होतं. मी साचे भरणार होतो आणि अंगठा टेकवणार नव्हतो. मिलिमीटर माल परत पाठवेल, मालकाची मागणी जाईल आणि दादाचा अंगठा दादाबरोबर जाईल. मेल्यावर तरी माणसाला कामावरून सुट्टी मिळावी की नाही?

३

पहिला साचा मी स्वतः भरला. फर्मा उचलला, पोकळी बघितली, तळ अगदी गुळगुळीत होता. हात मागे बांधून उभा राहिलो आणि भट्टीकाकाला म्हणालो, "झाका."

भट्टीकाका म्हणजे आमचा रस ओतणारा. आयुष्य भट्टीसमोर गेल्यामुळे त्याच्या भुवया कायमच्या गेलेल्या, म्हणून त्याला नवल वाटलं तरी कळत नाही.

"अंगठा?" त्याने विचारलं.

"नाही."

"मालक बोंबलेल."

"बोंबलू दे."

त्याने ओतलं. जेवणं झाली, पेटी निवली, मी घणाने साचा फोडला. वाळू झटकून मूठ उजेडात धरली.

उंचवटा होता.

माझा पहिला विचार असा की काकाने गंमत केली. "काका, झाकताना तुम्ही टेकवला का?"

त्याने स्वतःचा उजवा हात पुढे केला. अंगठ्याचं पुढचं पेर कधीच कुठल्या तरी यंत्राने नेलं होतं. "माझा असता तर निम्माच आला असता, धाकट्या."

मग मी फर्मा तपासला, लाकडाला कुठे टेंगूळ आलंय का म्हणून. लाकूड साफ होतं. मग वाटलं, वाळू खचली असेल. वाळू खचते, त्यात नवल काही नाही. शेडमध्ये सतत काहीतरी खचत असतं, मालकाची अक्कल धरून. पण मी मूठ दाराशी नेली आणि तिरक्या उन्हात बघितली. उंचवट्यावर एक आडवी रेघ होती, डावीकडे जाड, उजवीकडे बारीक होत गेलेली.

लहानपणी माझा चेंडू गटाराच्या जाळीखाली गेला होता. तो काढताना दादाचा अंगठा पत्र्याने कापला. व्रण तसाच राहिला, डावीकडे जाड, उजवीकडे बारीक.

वाळू खचते. व्रण पाडत नाही.

"काका, हे बघा."

काकाने बघितलं नाही. तो म्हणाला, "माल चांगला आलाय ना, मग ठेव गाडीत." आणि भट्टीकडे तोंड करून उभा राहिला, भट्टी विझलेली होती तरी.

४

दुसऱ्या दिवशी मी पोकळी पात्याने पुन्हा पुन्हा साफ केली, टॉर्च लावून बघितली, माझ्या हाताने वरची पेटी झाकली आणि तिच्यावर बसून राहिलो. ओतायच्या वेळी उठलो, पुन्हा शेजारी येऊन बसलो. काकाने मला वेड्यात काढलं नाही, याचंच मला वाईट वाटलं.

रस निवताना लोखंड बोलतं. टिक टिक करतं, करकरतं. ते मला माहीत आहे. पण पेटीतून येत होतं ते तसलं नव्हतं. आत वाळू ठोकल्याचा आवाज होता. दोन हलके, एक जड. ठक ठक, धप्प. ठक ठक, धप्प. वाळू ठोकायची दादाची तीच चाल. घरी जेवायला उशीर झाला की ताटावर बोटांनीही तो तेच वाजवायचा आणि आई ओरडायची.

साचा फोडला. मुठीच्या एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटं होती. लोखंडाच्या आतून कोणीतरी बाहेरच्या बाजूला दाबल्यासारखी.

त्या खेपेचा सगळा माल तसाच निघाला. आणखी एक गोष्ट. रात्रभर शेडमध्ये पडून सकाळी घण, पेट्या, सळया सगळं गारठलेलं असायचं. मुठी कोमट असायच्या. तापलेल्या लोखंडासारख्या नाही. खिशातून बाहेर काढलेला हात असतो तशा.

मिलिमीटर तपासणीला आला. साहेब कसला, चष्म्याला पाय फुटलेत. त्याने मूठ टेबलावर ठेवली आणि मापायला घेतली.

"ही दोन जास्तीची काय आहेत?"

मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाला, "सुधारणा आहे साहेब. पकड वाढवलीय."

"कोणी सांगितली?"

मालकाने मान किंचित वर केली. "वरून."

वरून म्हटलं की हे लोक पुढचं विचारत नाहीत. वर कोण बसलंय हे त्यांनाही माहीत नसतं. मिलिमीटरने मूठ हातात घेतली, पकडली आणि पटकन सोडून दिली. हात पँटला पुसला. मला वाटलं, झालं, आता परत पाठवतो.

"गरम का आहे?" त्याने विचारलं.

"ताजा माल," मालक म्हणाला. जसा काही भाजीवालाच.

मला राहवलं नाही. "साहेब, ती माझ्या भावाची बोटं आहेत. तो इथेच भाजून मेला."

मिलिमीटरने चष्मा पुसून पुन्हा लावला आणि मालकाकडे बघून विचारलं, "मटेरियल तेच आहे ना? बदललेलं नाही?"

"तेच, साहेब."

"मग नमुना बदलून घेऊ. जुना झिजलाच होता." त्याने एक मूठ रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली. "पुढचा माल या नमुन्याप्रमाणे."

पुढच्या खेपेला चार बोटं आली.

५

मी एक मूठ घरी नेली. नेऊ नये हे कळत होतं, पण एकट्याने बघण्याचा मला कंटाळा आला होता.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी मूठ तिच्यासमोर ठेवली. तिने ती उचलली. तिची बोटं त्या बोटांच्या मधल्या जागांत आपोआप जाऊन बसली, शोधावं लागलं नाही. मग अंगठ्यावरच्या व्रणावर तिने नख फिरवलं.

"भावजी, ह्या किती झाल्यात अशा?"

"गाडी भरून गेल्यात. अजून जाणार आहेत."

"घरी ते हात असा धरत नसत," ती म्हणाली. "रस्ता ओलांडताना धरायचे तसा आहे हा. समोरून ट्रक येताना. आपल्याला मागे ओढतायत की स्वतः घाबरलेत, कळायचं नाही."

"मला वाटतं त्याला बाहेर यायचंय."

"बाहेर यायचंय की कोणीतरी आत हवंय?"

तिने मूठ टॉवेलमध्ये गुंडाळायला घेतली, पण हात लगेच सुटला नाही. एकेक बोट सोडवून घ्यावं लागलं. तिच्या बोटांच्या मध्ये लाल वळ उठले होते.

"घरात नको हे," ती म्हणाली. "आणि तुम्ही त्यांना सोडवा. जगले तोवर त्या माणसाने राबवलं. आता पुरे. शब्द द्या मला."

मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तो सरळ फर्मा उचलला आणि सगळ्यांदेखत पेटत्या भट्टीत टाकला. लाकूड बघता बघता गेलं. मालक येऊन शिव्या घालेल म्हणून मी तयारीत उभा होतो. त्याने भट्टीत डोकावलं, माझ्याकडे बघितलं आणि हसला.

"अरे शहाण्या, फर्मा कशाला लागतो आता? तयार मूठ आहे की. तीच दाबायची वाळूत." तो ती घेऊनही आला, जाड हातमोजा घालून. "उलट लाकडापेक्षा बरं. बारीकसारीक सगळं उतरेल."

सगळं उतरलं. नखंसुद्धा उतरली.

आता एकच वाट राहिली होती. डेपोत मूठ गाडीला बसवून चाचणी होणार होती. माल देणाऱ्याकडचा एक माणूस आत बसणार, झाकण बंद करणार आणि आतून मूठ फिरवून उघडून दाखवणार. ती अडकते असं त्याने सांगितलं की सगळा माल बाद, केलेला आणि करायचाही. मालकाने स्वतः आत बसायचं टाळलं. म्हणाला, गुडघे दुखतात. खोटारडा. शेडमध्ये हातमोजा काढत नव्हता तो, गाडीत काय शिरणार. त्याने मला पाठवलं.

मला तेच हवं होतं. दोनच शब्द बोलायचे होते. मूठ अडकते.

६

डेपोचं मैदान उन्हाने भाजून निघत होतं. गाड्या ओळीने उभ्या, गवत चाकांच्या वर आलेलं, रंगाचे पोपडे उडालेले. लांबून रुबाब आणि जवळून भंगार. ओळीतल्या बऱ्याच गाड्यांना आमच्या मुठी बसवून झाल्या होत्या. झाकणं बंद होती.

ओळीच्या कडेने चालताना मला आवाज आला. ठक ठक, धप्प. मी थांबलो. मग पुढच्या गाडीतून आला. मग तिच्या पुढच्या.

"काय झालं?" मालकाने विचारलं.

"आवाज येतोय."

"उन्हाने पत्रा तडतडतो," मिलिमीटर म्हणाला. त्याने पावलं मात्र ओळीपासून थोडी लांब टाकायला सुरुवात केली होती.

असेल. पत्रा तडतडतो. मीही तेच स्वतःला सांगितलं आणि चढलो.

आत एका माणसाची जागा होती. जुन्या तेलाचा, रबराचा वास. मी बसलो, मालकाने वरून झाकण टाकलं आणि सगळा उजेड एका फटीपुरता उरला. समोर बघायची एक अरुंद फट असते, तिच्यातून येणारी उन्हाची पट्टी माझ्या गुडघ्यांवर पडली होती. तिच्या वर काही दिसत नव्हतं. मूठ डोक्याच्या वर, अंधारात होती.

"हं, फिरव," बाहेरून मिलिमीटरचा आवाज आला, हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा.

मी ठरवलं होतं की हातसुद्धा लावायचा नाही. हात न लावता सांगायचं की अडकते. कोण बघायला येणार होतं आत? मी तोंड उघडलं. पण शब्द देणारा मी आणि काचेबाहेर उभा राहिलेला मी, दोघं एकाच अंगात होतो. उजवा हात वर गेला.

शोधावं लागलं नाही. माझी बोटं त्याच्या बोटांमध्ये बसली. ती कोमट होती. अंगठ्याखाली व्रण लागला, डावीकडे जाड, उजवीकडे बारीक. तो दिवसभर वाळूत हात घालून घरी यायचा तेव्हा तळवा जसा खरखरीत असायचा, तसा खरखरीत होता. दवाखान्यात जे धरायचं राहून गेलं होतं ते मी धरलं. दादा, मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

"बसते का नीट?" मिलिमीटरने विचारलं.

वहिनीला दिलेला शब्द मला आठवत होता. चांगला आठवत होता.

"बसते," मी म्हणालो.

"अडकत नाही ना?"

"नाही."

बाहेर मालक मोठ्याने हसला. कोणाची तरी पाठ थोपटल्याचा आवाज आला.

आणि तेव्हा मला कळलं की माझ्या हातातली पकड बदलते आहे. घट्ट होत होती, पण एकदम नाही. वाळू ठोकत जावी तशी, जरा जरा करून. दोन हलके, एक जड. ऊब वाढत होती. मी म्हणालो, दादा, पुरे. लहानपणी खेळताना तो फार जोरात धरायचा तेव्हा म्हणायचो तसं. त्या वेळी तो सोडायचा.

उन्हाच्या पट्टीत माझ्या गुडघ्यावर काहीतरी पडलं. चिमूटभर. मग पुन्हा. वरून सांडत होतं, माझ्या मनगटावरून घरंगळत. साच्यातली काळी वाळू. मी डाव्या हाताने ती चिमटीत धरून बघितली.

ओली होती.

"बरं, मग सोड आता आणि ये बाहेर," मिलिमीटर म्हणाला.

"मी धरलेली नाही," मी सांगितलं. मोठ्याने सांगितलं असं मला वाटलं. पण लोखंड जाड होतं आणि बाहेर त्यांचं पुढचं सुरूही झालं होतं. मिलिमीटर मालकाला सावकाश, एकेक शब्द तोडून सांगत होता.

"लिहून घ्या. पकड, समाधानकारक."